हेडली पार्डीची चूक

“तव्यापुरते तरी दे रे,” मी म्हणालो.

हेडली पार्डीने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. जाळ्याच्या शेपटाची गाठ त्याच्या हातात होती आणि जाळं डेकवर लोंबत होतं. एके काळी अशा वेळी ते इतकं टरारून यायचं की माणसं दोन पावलं मागे सरकायची. आता धुऊन वाळत टाकलेल्या मोज्यासारखं दिसत होतं. हेडलीने गाठ ओढली. धोंडे पडले, तारामासे पडले, कुणाचा तरी रबरी बूट पडला आणि सगळ्यात शेवटी कॉडची थोडी पोरंसोरं पडली.

“तुला तव्याची पडलीय,” हेडली म्हणाला. “बाई आधी एकेकाला मोजणार. मग एकेकाच्या कानातला खडा काढून वय बघणार. उरलंसुरलं तुझं.”

“उरायचंय काय त्यात? मी शिंकलो तर उडून जातील.”

डॉक्टर लॅमाँटबाई गुडघ्यांवर बसून त्या चिमुकल्यांना एकेक करून पट्टीवर निजवत होत्या. त्या हसल्या नाहीत. आदल्या वर्षी हसल्या असत्या.

मी लिअँडर टल्क, त्या जहाजाचा स्वयंपाकी. मी आणि हेडली एकाच गावचे, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या केटल आर्मचे. आमच्या गावात ‘मासा’ म्हटलं की कॉड. बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं आहेत, पण मासा एकच. आमचं सरकारी जहाज मासा विकण्यासाठी धरत नव्हतं, मोजण्यासाठी धरत होतं. दर शरद ऋतूत समुद्राच्या नकाशावर चिठ्ठ्या टाकून जागा काढल्या जायच्या. चिठ्ठी नेईल तिथे जायचं, जाळं तळाशी सोडायचं, अर्धा तास ओढायचं आणि वर घ्यायचं. जाळं दर वर्षी त्याच मापाचं, वेगही तोच. चांगलं जाळं बाजारात आलं तरी ते लावायचं नाही, कारण मग यंदाची मागच्या वर्षाशी तुलना कशी करणार?

गावातले लोक आम्हाला लॉटरीचं जहाज म्हणायचे. हेडलीचा मेहुणा गार्लंड फेल्टम तर नेहमी टोमणा मारायचा, “दाजी, मेंढरं मोजायची तर माणूस कुरणात जातो. तुम्ही चिठ्ठी टाकून खडकावर जाता, आणि वर म्हणता मेंढरं संपली!”

हाच टोमणा मी एकदा लॅमाँटबाईंना ऐकवला होता. त्या म्हणाल्या, “लिअँडर, कळप कमी झाला की उरलेली मेंढरं एकत्र गोळा होतात. आपण तिथेच गेलो तर शेवटच्या दिवसापर्यंत भरपूर आहेत असंच वाटेल.” त्या दिवशी मला ते पटलं नाही. त्या फेरीत पटलं, आणि पटल्यावर जेवण गेलं नाही. स्वयंपाक्याचं जेवण जाईना म्हणजे बघा.

हेडलीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बोलायला कंटाळवाणा माणूस. पत्ते खेळायचा नाही, गायचा नाही, दारू प्यायली तरी त्याच्या तोंडून शिवी निघायची नाही. तरुणपणी मोठ्या ट्रॉलरवर होता, नंतर या जहाजावर जाळ्यांचा प्रमुख झाला. त्याचा एकच तोरा होता, आणि तो तारांचा. ओढलेलं जाळं दोन पोलादी तारांवर चालतं, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही तारा सारख्याच सोडाव्या लागतात. म्हणून तारेवर दर पंचवीस वावांवर, म्हणजे दीडशे फुटांवर, डांबरी सुतळी गुंफून खूण केलेली असते. ती खूण करायची हेडलीने. दुसऱ्या कुणी सुतळीला हात लावलेला त्याला खपायचा नाही. एकदा कॅप्टनने लावला, तर हेडली दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तसा एरवीही तो फारसा बोलायचा नाही, त्यामुळे कॅप्टनला ते कळलंच नाही.

त्या वर्षी तारा नव्या कोऱ्या होत्या.

फेरी संपवून आम्ही घरी आलो. माझी बायको वारल्यापासून मी रविवारी दुपारी हेडलीकडे जेवायला जायचो. त्याची बायको ड्रुसिला मासळीच्या कारखान्यात मासा साफ करायची. हात इतके चपळ की बोलता बोलता टोपलं रिकामं व्हायचं. त्या दिवशी टेबलावर खारं मांस होतं, कोबी होता, वाटाण्याचं पुडिंग होतं. गार्लंडही होता. त्याने दोन हिवाळे खपून स्वतःच्या हातांनी बोट बांधली होती आणि तिला आईचं नाव दिलं होतं. मासेमारीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण ते काही येण्यात जमा होईल असं आमच्या गावात कुणी मानत नसे.

“दाजी, आता आढेवेढे घेऊ नका,” गार्लंड म्हणाला. “लोक म्हणतायत सरकार मासेमारी बंदच करणार. काय लागलं जाळ्यात?”

हेडली बटाटा कुस्करत राहिला.

“लिअँडरकाका, तुम्ही तरी सांगा.”

“मला विचारू नकोस बाबा. मी फेरीभर डबाबंद मांस तळलं.”

हे मी विनोद म्हणून बोललो. टेबलावर कुणीही हसलं नाही. ड्रुसिलाचा चेहरा उतरला. माशांच्या मधोमध फिरणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी डब्यातलं मांस तळतो याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही.

“हेडली,” ती म्हणाली, “काहीतरी बोल ना रे.”

हेडलीने काटा खाली ठेवला. माझी खात्री आहे की तो जे बोलला ते तिच्या तोंडाकडे बघून बोलला.

“तारा नव्या होत्या.”

“मग?”

“नव्या तारा सुरुवातीला ताणतात. एक जास्त, एक कमी. खुणा सरकल्या असतील. फेरीत परत मोजायला सवड मिळाली नाही.”

“आणि सरकल्या तर?” गार्लंड खुर्चीतून पुढे आला.

“जाळं तिरकं चालतं. तोंड अर्धं मिटतं. मासा बाजूने निघून जातो.”

ड्रुसिलाच्या हातातला डाव तसाच राहिला. “म्हणजे मासा आहे?”

“असेल.”

एवढाच शब्द. पण संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत तो गावभर झाला होता, आणि तोपर्यंत ‘असेल’चं ‘आहे’ झालं होतं.

सोमवारी सकाळी हेडलीच्या दारात पहिली पाई आली, आत फळं भरून भाजलेली. लाल बेरीची, अजून वाफाळती. म्हाताऱ्या ब्लँच स्टकलेसने ती आणली होती. ती हेडलीचे दोन्ही हात धरून म्हणाली, “देव तुझं भलं करो रे पोरा! चूक माणसाकडूनच होते.” मग मोरंबा आला, पाव आले, खाऱ्या मांसाचा तुकडा आला. पाद्रीबाबांनी हेडलीचं नाव न घेता चुकणाऱ्या सगळ्या माणसांसाठी प्रार्थना केली, आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. हेडलीने इतकी वर्षं काम चोख केलं तेव्हा कुणी कपभर चहा विचारला नव्हता. आता चूक केली म्हणून त्याच्या घरात ताटल्या ठेवायला जागा उरली नाही. ड्रुसिला खुशीत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा गावात मोठा झाला होता.

मला मात्र हेडलीकडे बघवेना. डांबरी सुतळीवर जगलेला माणूस तो. प्रत्येक पाई घेताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जसं कुणी त्याच्या तोंडावर थुंकून वर आशीर्वाद देत होतं.

गार्लंडने रेडिओवर फोन केला. मच्छीमारांच्या संघाने आवाज उठवला. शेवटी साहेब लोकांनी मान्य केलं की जहाज केटल आर्मच्या धक्क्याला लागेल आणि तारा गावासमोर मोजल्या जातील. एका टोकाला गावाचा माणूस, दुसऱ्या टोकाला जहाजाचा.

त्या दिवशी सकाळी थंडी अंगात शिरत होती. मी जहाजाच्या स्वयंपाकघरात टूटन तळत होतो. हेडली दारात येऊन उभा राहिला. कणकेचा गरम टूटन काकवीत बुडवून त्याच्या हातात दिला, तर तो तसाच धरून राहिला.

“लिअँडर, चूक निघू दे रे.”

“तुझी नोकरी जाईल, लेका.”

“जाऊ दे. नाव गेलं तरी चालेल. फक्त निघू दे.”

तेवढ्यात लॅमाँटबाई कॉफी घ्यायला आल्या. त्यांनी ऐकलं असावं. कप हातात धरून त्या हळूच म्हणाल्या, “पार्डी, मलाही वाटतं चूक निघावी. मी काल त्यासाठी चर्चमध्ये जाऊन बसले होते. मी चर्चला जात नाही खरं तर.”

आता बोला. जिने मोजलं तिला वाटतं मोजणी खोटी ठरावी, ज्याने खुणा केल्या त्याला वाटतं खुणा खोट्या ठराव्यात. आख्ख्या केटल आर्ममध्ये त्या दिवशी हेडलीच्या बाजूने कुणीच नव्हतं, हेडलीसुद्धा नाही.

दोन्ही तारा ड्रमवरून सोडून बंदराकडेच्या रस्त्यावर शेजारी शेजारी अंथरल्या होत्या. सगळा गाव कुंपणांना टेकून उभा होता. कारखान्याने बायकांना तासाची सुट्टी दिली होती. लांब पोलादी टेपचं शून्याचं टोक गार्लंडच्या हातात, दुसरं हेडलीच्या. हेडलीच्या शेजारी लॅमाँटबाई खाली वाकून आकडा वाचायच्या आणि मोठ्याने सांगायच्या. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत, मग त्याच्या पुढच्या.

आधी डावी तार झाली. खूण न् खूण जागच्या जागी. लोक चुळबुळ करू लागले, पण गार्लंड म्हणाला, “थांबा, अजून उजवी आहे.”

उजव्या तारेच्या पहिल्या खुणेला बाईंनी आकडा सांगितला आणि त्यांचा आवाज जरा चढला. चार बोटं जास्त. दुसऱ्या खुणेला पुन्हा चार बोटं. तिसरीला थोडं अधिकच. कुंपणापाशी कुणीतरी “अरे देवा!” म्हणालं. ब्लँच आजीने तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला. चार चार बोटं करत शेवटच्या खुणेपर्यंत हातभर तरी फरक पडला असता. रेडिओवर सांगायला तेवढं पुरे होतं. एक हंगाम तरी बोटी सुटल्या असत्या.

तेव्हा मी टेपकडे पाहिलं. वारा खाडीवरून आडवा येत होता आणि त्या वाऱ्यात टेपला पोट आलं होतं, म्हणून आकडा जास्त येत होता. गार्लंड ती ताणतच नव्हता. त्याने डाव्या तारेला ती तंतोतंत ओढून धरली होती. आता शून्य खुणेवर बरोबर ठेवून हात सैल सोडला होता. बाई आकड्यावर वाकलेल्या होत्या, त्यांना दिसणार नव्हतं. पण कुंपणाला टेकलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. पाद्रीबाबांना दिसत होतं. मलाही. कुणी बोललं नाही. मीही नाही, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

हेडलीला बघायची गरज नव्हती. टेपचं दुसरं टोक त्याच्या मुठीत होतं. ताण कमी असला की जाळ्याच्या माणसाला ते हातातच कळतं. पहिल्याच खुणेला त्याला कळलं असणार. दुसरीलाही तो गप्प राहिला, तिसरीलाही. त्याने एकदा कुंपणाकडे पाहिलं. ड्रुसिला पुढेच उभी होती, कारखान्याच्या पांढऱ्या टोपीत, दोन्ही हात छातीशी धरून. ती हसत होती. मी तिला इतकं सुंदर हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या खुणेला बाई आकडा वाचायला वाकल्या आणि हेडली म्हणाला, “गार्लंड, ताण.”

मोठ्याने नाही. पण वाऱ्याने ते कुंपणापर्यंत नेलं.

गार्लंडने न ऐकल्यासारखं केलं.

“ताण दे, गार्लंड. पहिल्यापासून घेऊ.”

“दाजी...” गार्लंडचा आवाज रडवेला झाला. “कशाला दाजी?”

“ताण.”

लॅमाँटबाईंनी मान वर केली. त्यांनी टेपकडे पाहिलं, हेडलीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग लिहिलेले तीन आकडे खोडले.

गार्लंडने टेप ताणली. आता मात्र पुऱ्या जोराने, दात आवळून. उजवी तार पहिल्या खुणेपासून पुन्हा मोजली गेली. शेवटपर्यंत दोन्ही तारांमध्ये बोटभराचाही फरक निघाला नाही. नव्या तारा ताणल्या होत्या खऱ्या, पण दोन्ही सारख्याच. हेडलीने खुणा इतक्या नेटक्या केल्या होत्या की पोलादानेसुद्धा त्यांचा मान ठेवला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम असेल.

लोक निघून गेले. ओरडलं कुणी नाही; ओरडले असते तर बरं झालं असतं. कारखान्याचा भोंगा झाला आणि ड्रुसिला बाकीच्या बायकांबरोबर आत गेली. हेडली एकटाच गुडघ्यांवर बसून टेप गुंडाळत होता. मी जवळ गेलो.

“चूक निघाली असती रे,” मी म्हणालो. “आपसूक निघत होती.”

“ती माझी नव्हती,” हेडली म्हणाला.

त्या हिवाळ्यात ड्रुसिला त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी मी जायचो तेव्हा टेबलावर तेच मांस, तोच कोबी. कपाटावर पाईंच्या ताटल्या एकावर एक रचलेल्या होत्या. दुसऱ्याची ताटली रिकामी परत करायची नाही अशी आमच्याकडे रीत आहे, आणि त्या ताटल्यांत काय घालायचं ते तिला सुचत नव्हतं. मागायलाही कुणी आलं नाही.

उन्हाळ्यात रेडिओवर सांगितलं. मासेमारी बंद. दोन वर्षांसाठी म्हणाले, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणीही दोन वर्षं मनात धरली नाहीत. कारखान्याच्या दाराला साखळी लागली. बोटी ओढून गवतात ठेवल्या. मग घरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकायला सुरुवात झाली. कुणी ओंटारियोला, कुणी आल्बर्टाला. ब्लँच आजीला मुलीने नेलं. जाताना ती गाडीत मागे वळून वळून बघत होती, आणि रस्त्यात उभ्या हेडलीवर नजर पडताच तिने मान फिरवली. गावात समुद्रावरचं काम आता दोघांनाच होतं, मला आणि त्याला. मासा मोजणं तर थांबवता येत नाही. कॉड उरला नाही हेसुद्धा दर वर्षी जाऊन बघावंच लागतं.

ड्रुसिलाला ताटल्यांचं कोडं सुटलं ते तेव्हा. तिने खारवलेल्या माशाचं शेवटचं पिंप उपसलं. स्वतःच्या हाताने साफ करून, मीठ लावून, उन्हात वाळवलेला मासा. तिने तो सारखा कापला, प्रत्येक ताटलीत एक तुकडा ठेवला आणि दारोदार फिरली. ज्या दारांवर फळ्या होत्या तिथे पायरीवर ठेवून आली. शेवटची ताटली तिच्या भावाच्या घरची होती. ती तिने हेडलीच्या हातात दिली.

“तू जा,” ती म्हणाली. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी आपणहून बोलली ती तेव्हा. मी तिथेच होतो, म्हणून मीही बरोबर निघालो.

गार्लंड घराच्या शेवटच्या खिडकीवर फळी ठोकत होता. बायको-मुलं गाडीत बसली होती. मागे गवतात बोट उलटी पडली होती, आणि तिच्यावरचं आईचं नाव वाचायला मान वाकडी करावी लागत होती. हेडलीला बघून त्याने हातोडा खाली ठेवला. हेडलीने ताटली पुढे केली. गार्लंडने ती घेतली आणि बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिला.

“दाजी, तुम्ही बोलला नसतात तर किती चाललं असतं?”

“एक हंगाम.”

“तेवढंच?”

“मग उरलेलाही गेला असता.”

गार्लंडने मान हलवली. मग खाली बघत, एखाद्या पोराने मास्तरांना विचारावं तसं विचारलं, “नंतर मी टेप नीट ताणली होती ना?”

“अगदी नीट,” हेडली म्हणाला. “अशी टेप मी कुणाला धरताना पाहिलं नाही.”

गार्लंडने त्या तुकड्याचे हाताने दोन भाग केले. लहानपणी आम्ही सगळेच मासा वाळवायच्या मचाणावरून चोरून तोडायचो तसे. एक भाग त्याने हेडलीला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. गाडीतून बायकोने हाक मारली, पण तो हलला नाही. दोघं पाण्याकडे तोंड करून चघळत उभे राहिले. खारवलेला मासा लवकर चावून होत नाही.